लुमिर सेडलाचेकची राहिलेली सही

दर वर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लॉ कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर पोस्टाने एक खोका यायचा. बुटांचाच जुना खोका, वरून तपकिरी कागद, सुतळीच्या तीन गाठी आणि पेन्सिलीने लिहिलेला पत्ता: प्रोफेसर लुमिर सेडलाचेक. आत मेणकागदात गुंडाळलेले दोन डझन कोलाचे, म्हणजे मधोमध सारण भरलेले गोड गोल पाव. निम्मे खसखशीचे, निम्मे जर्दाळूचे. सेडलाचेकांची सेक्रेटरी ओपल टीगार्डन खोका उघडायची, बशीत मांडायची आणि नेमाने एक कोलाच सरांच्या टेबलावर ठेवायची. संध्याकाळी तो तसाच असायचा. सर म्हणायचे, दात दुखतो. ओपलने चोवीस वर्षं तो दुखरा दात मनोभावे सांभाळला आणि चोवीस वर्षं सरांच्या वाट्याचा कोलाच स्वतः खाल्ला.

आम्ही लिपोवाचे, पठारावरच्या या छोट्या चेक गावचे लोक त्याला लुमिरच म्हणतो. बाहेर तो कितीही मोठा असो, आमच्यासाठी तो खोगीरवाल्या सेडलाचेकचा धाकटा. वडील खोगीर शिवायचे आणि पोराला म्हणायचे, ट्रॅक्टर आलाय, आता घोड्याच्या पाठीवर पोट भरायचं नाही, माणसांच्या भांडणावर भर. पोराने बापाचं ऐकलं. कायदा शिकला, खोगिराच्या दुकानावरच माडीवर एक टेबल टाकलं आणि वकिलीची पाटी लावली. पुढे तीन वर्षांत तो राज्याच्या राजधानीत प्रोफेसर झाला. मृत्युपत्रांच्या कायद्यावर त्याने जे जाडजूड पुस्तक लिहिलं, ते आमच्या पठारावरच्या प्रत्येक वकिलाच्या कपाटात असतं. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात तो तीनदा उभा राहिला आणि दोनदा जिंकला. लग्न झालं, दोन मुली झाल्या, त्या किनाऱ्याकडच्या शहरांत गेल्या, बायको वारली. माणूस सरळ. कुणाचं वाईट केलं नाही असं लोक म्हणत, आणि हे वाक्य ऐकलं की लुमिर विषय बदलायचा.

पोरांमध्ये त्याची ख्याती वेगळ्याच गोष्टीसाठी होती. सप्टेंबरातल्या पहिल्या तासाला तो एक कोडं घालायचा. वर्गात एकशे दहा विद्यार्थी, समोर बसण्याचा तक्ता, तक्त्यावर प्रत्येकाचा फोटो चिकटवलेला. लुमिर त्यावर बोट फिरवायचा आणि बोट जिथे थांबेल त्याने उभं राहायचं. कोडं असं. गावाबाहेर दोन मैलांवर एक घर. बाहेर कमरेएवढं बर्फ. आत एक म्हातारा मरायला टेकलाय, त्याला आपलं घर आणि बाग त्याची अकरा वर्षं सेवा करणाऱ्या बाईला द्यायची आहे. मृत्युपत्र लिहून झालं. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. डॉक्टरने सही केली. दुसरी सही त्या बाईने केली. म्हातारा मेला. आणि आमच्या राज्याचा कायदा म्हणतो, दोनच साक्षीदार असतील तर त्यांतल्या कुणालाही त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. बाईचं घर गेलं. बोला, काय करायला हवं होतं?

पोरं कल्पनेचे घोडे दौडवायची. शेजाऱ्याला आणा. बर्फ वितळेपर्यंत थांबा. रस्त्यावरच्या माणसाला हाक मारा. लुमिर पंधरा मिनिटं ऐकून घ्यायचा आणि मग विचारायचा, खोलीत माणसं किती? तीन, सर. नीट मोजा. पुन्हा तीन. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडायचा: चार. ज्याने मृत्युपत्र लिहिलं तो वकील तिथेच होता की. त्यानेच सही करायची. मग वर्गात हशा पिकायचा. 'वकील स्वतःला मोजायला विसरतो' ही कॉलेजातली म्हणच झाली होती. एखादा जास्त हुशार पोरगा विचारायचा, पण सर, त्या वकिलाने सही का नाही केली? लुमिर पुस्तक मिटायचा. म्हणायचा, तो तरुण होता. तास संपायचा.

तो तरुण वकील कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. ताकास तूर लागू न देता छत्तीस वर्षं त्याने स्वतःचीच चूक शिकवली.

ते एकोणीसशे बत्तीसचं साल होतं. लुमिर पंचवीस वर्षांचा, पाटी लावून जेमतेम वर्ष झालेलं. वेन्सिल ह्रुश्का नावाचा आमच्याकडचा ब्रह्मचारी म्हातारा न्यूमोनियाने अंथरुणाला खिळला, आणि डॉक्टरच्या घसरगाडीत बसून लुमिर त्याच्या घरी गेला. घर सांभाळायला आल्बिना कुचेरा होती. विधवा, अडतीस वर्षांची. पाच वर्षांचं पोर कडेवर घेऊन ती वेन्सिलच्या दारात आली होती आणि ते पोर आता सोळाचं झालं होतं. गावातले सगळे तिला तेता आल्बिना म्हणत. तेता म्हणजे मावशी, पण आमच्याकडे रस्त्यावर भेटणारी कुठलीही कर्ती बाई तेताच असते.

मृत्युपत्र लिहून झालं. वेन्सिलने कसंबसं नाव घातलं, डॉक्टरने सही ठोकली आणि पेन लुमिरच्या हातात आलं. टोक कागदापर्यंत पोचलंही होतं. तेवढ्यात त्याला कॉलेजातला एक नियम आठवला. जो वकील एखाद्या कागदावर साक्षीदार होतो, त्याला त्या कागदाचा खटला लढवता येत नाही. त्याने पिंजऱ्यात उभं राहून फक्त साक्ष द्यायची. आणि खटला तर होणारच होता. वेन्सिलचा एक पुतण्या ओमाहा शहरात होता, पैशाचा आणि कज्जेखोर. त्याचे मोठे वकील येणार, म्हातारा शुद्धीवर नव्हता म्हणणार, वर्तमानपत्रात नावं छापून येणार. लुमिरच्या आयुष्यातला पहिला खरा खटला. तो दुसऱ्या कुणी लढवायचा आणि आपण पिंजऱ्यात उभं राहून हो-नाही करायचं, हे त्याला सोसवेना. हे सगळं दोन श्वासांत झालं. त्याने पेन आल्बिनाकडे केलं.

"तुम्ही सही करा, तेता."

"मी केलेली चालते?"

"चालते."

तिने आपल्या ऍप्रनला हात दोनदा पुसले आणि वळणदार अक्षरात नाव लिहिलं. साक्षीदाराचं ते कलम लुमिरने परीक्षेला पाठ केलं होतं आणि परीक्षेबरोबरच सोडून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना ते आठवलं. तोंडाला साबण तसाच ठेवून त्याने पुस्तक उघडलं, वाचलं, आणि बापाचा घोडा काढून बर्फातून निघाला. तो पोचला तेव्हा आल्बिनाने वेन्सिलचे डोळे मिटून खिडकी उघडली होती.

खटला वसंतात चालला. लुमिर दोन तास बोलला. कायदा लोकांच्या रक्षणासाठी असतो, सेवा करणाऱ्या बाईला लुटण्यासाठी नसतो, असं तो इतकं सुंदर बोलला की कोर्टातल्या बायकांनी डोळे टिपले. न्यायाधीशाने पंधरा मिनिटांत निकाल दिला. कलम स्पष्ट आहे, घर पुतण्याचं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण आल्बिनाला तर आपल्याच वकिलाने चढवलं होतं. पायऱ्यांवर ती त्याची वाट पाहत उभी होती.

"काय झालं रे?"

"गेलं, तेता. कायदाच तसा आहे. साक्षीदाराला काही घेता येत नाही."

तिने जरा विचार केला. "मग सही कुणी करायची होती?"

इथे लुमिरला खरं सांगता आलं असतं. सांगणं एका शब्दाचं होतं. तो म्हणाला, "दुसरं कोणी नव्हतंच ना."

"हो," ती म्हणाली. "ते खरं." आणि वर तिने त्याच्या दंडावर थोपटलं.

पुढचं अधिक वाईट, कारण पुढचं सगळं चांगलंच झालं. न्यायाधीशाने लॉ कॉलेजच्या डीनला पत्र लिहिलं की या पोराने हरलेला खटला असा मांडला की जिंकणाऱ्याला लाज वाटावी. याला शिकवायला घ्या. डीनने घेतलं. पुतण्याने घर विकलं. नव्या मालकाने बागेतली जर्दाळूची झाडं तोडून मका पेरला. आल्बिना मुलाला घेऊन बेकरीमागच्या खोलीत गेली आणि मग शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. आमच्याकडे शाळेत गुरुवारी वाटीभर चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि सोबत दालचिनीचा गोड रोल देतात. लिपोवातल्या दोन पिढ्या आल्बिनाच्या हातचे ते रोल खाऊन वाढल्या. कुणी वेन्सिलच्या घराचा विषय काढला तर ती म्हणायची, कायदाच तसा, पण खोगीरवाल्याचा लुमिर माझ्यासाठी दोन तास भांडला हो, एक पै न घेता. आणि दर ऑक्टोबरात ती कोलाचे भाजायची. लुमिर आभाराचं कार्ड पाठवायचा. कार्ड ती शेगडीवरच्या फळीवर लावून ठेवायची. अशी अडतीस वर्षं गेली. शिव्या आल्या असत्या तर त्याने पचवल्या असत्या. पण दुवा रोज गिळायचा आणि तो घशाखाली उतरत नाही, हे फार अवघड असतं.

एकोणीसशे सत्तरच्या सप्टेंबरात ओपलने नवा तक्ता आणून टेबलावर ठेवला. सर, यंदा तीन मुली आहेत, ती म्हणाली. लुमिरने चष्मा लावला. तिसरी रांग, नववी खुर्ची. मार्लिस कुचेरा, लिपोवा.

दुपारी ती स्वतःच आली. तेवीस वर्षांची, आजीसारखं रुंद कपाळ, दारात उभी राहून आत येऊ का विचारलं आणि उत्तराआधीच आत आली. ती सांगत होती की आपण आल्बिनाची नात, मुलाची मुलगी. बाबी, म्हणजे आजी, सगळ्यांना सांगत असते की पोरगी लुमिरच्या हाताखाली शिकायला गेलीय. लहानपणापासून ती एकच गोष्ट ऐकत आली, बर्फातल्या घराची आणि त्या घरासाठी दोन तास बोलणाऱ्या वकिलाची. म्हणूनच ती कायद्याकडे वळली. बाबी आता शहात्तरची आहे, गुडघे गेले आहेत, सरांनी एकदा येऊन जावं असं तिला फार वाटतं. लुमिर म्हणाला, बघू. ती गेल्यावर त्याने ओपलला सांगितलं की यंदा पहिल्या तासाला आपण दुसरं प्रकरण घेणार. ओपलने छत्तीस वर्षांच्या शिरस्त्याला एवढा सहज सुरुंग लागताना पाहिला आणि तिच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

दुसऱ्या दिवशी त्याने दुसरं प्रकरण काढलं. दहा मिनिटं झाली असतील. मागच्या रांगेतला एक उंच पोरगा हात वर करून म्हणाला, सर, वरच्या वर्गातल्या मुलांनी सांगितलंय, पहिल्या तासाला बर्फाचं कोडं असतं म्हणून. सगळा वर्ग हसत माना हलवू लागला. लुमिरने पुस्तकावर हात ठेवला. नाही म्हणणं सोपं होतं. पण एवढ्या माणसांदेखत या मुलीसमोर आणखी एकदा टाळायचं म्हटलं तर हात उचलेना. आपण म्हातारे झालो आहोत आणि दमलो आहोत, एवढंच त्याला स्वच्छ कळलं.

त्याने कोडं सांगितलं. घर, बर्फ, म्हातारा, बाई, डॉक्टर. सांगताना त्याने तक्त्याकडे पाहिलं नाही. मार्लिस पहिल्या दोन वाक्यांनंतर लिहायची थांबली होती.

"मिस कुचेरा," तो म्हणाला. "खोलीत माणसं किती?"

ती उभी राहिली. वर्ग नेहमीच्या गमतीची वाट पाहत होता. तिने वही मिटली. मग म्हणाली, "चार."

"चौथं कोण?"

"वकील." आवाज खाली गेला होता, पण शब्द नीट येत होते. "पेन त्याच्याच हातात असणार, सर. मृत्युपत्र त्यानेच लिहिलं होतं. मग त्याने सही का नाही केली?"

छत्तीस वर्षं ज्या प्रश्नावर पुस्तक मिटलं, ते त्याने या वेळी उघडंच ठेवलं.

"कारण सही केली असती तर खटला त्याला लढवता आला नसता," लुमिर म्हणाला. "आणि त्याला तो लढवायचा होता. बाईच्या घरापेक्षा त्याला स्वतःचं भाषण मोठं वाटलं. बसा, मिस कुचेरा."

ती बसली. इतर पोरांनी हे टिपून घेतलं, परीक्षेला येईल म्हणून. तास संपल्यावर ती त्याच्या टेबलापाशी आली. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. "बाबीला मी सांगणार नाही," ती म्हणाली. "ते माझं काम नाही. तुमचं आहे."

तीन शनिवार त्याने टाळलं. पहिल्या शनिवारी पाऊस होता, दुसऱ्या शनिवारी गाडीचा पट्टा तुटला होता, तिसऱ्या शनिवारी काहीच नव्हतं आणि तरी तो गेला नाही. मोठमोठ्या न्यायाधीशांसमोर ज्याची जीभ अडखळली नाही, तो गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन स्वयंपाकघरात बसून राहिला. मग ऑक्टोबरचा दुसरा आठवडा जवळ आला. खोका येणार, हे ध्यानात आलं आणि तो निघाला. आणखी एक खोका आला असता तर तो घेण्याची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

आल्बिनाचं घर लिपोवाच्या धान्यकोठारामागे. शाळेच्या पगारातून तिने उतारवयात घेतलेलं, दोन खोल्यांचं. मार्लिस शनिवारची आली होती. तिने दार उघडलं आणि बाजूला झाली. आत आल्बिना ओट्याशी उंच स्टुलावर बसून कोलाच्यांचे गोळे वळत होती. लुमिरला पाहून तिचा चेहरा फुलला. टोपी काढ, ती म्हणाली, आणि किती रे केस गेले तुझे, ओमाहाच्या वकिलांनी उपटले का? कॉफी ठेव गं, मार्लिस. लुमिर टोपी हातात धरून उभाच राहिला. बसलो तर बोलता येणार नाही, असं त्याला वाटलं.

त्याने सांगितलं. वकिलासारखं नाही सांगितलं. मधेच मागे गेला, पुन्हा पुढे आला, नियम सांगितला, पेन सांगितलं, पायऱ्यांवरचं वाक्य सांगितलं, वर्गातलं माणसं मोजायचं कोडंही सांगितलं. आल्बिना गोळे वळत राहिली. अंगठ्याने प्रत्येकाच्या मधोमध खळगा करायचा, चमचाभर खसखस भरायची, भट्टीत ठेवायच्या पत्र्यावर मांडायचा. त्याचं बोलणं संपलं तेव्हा पत्रा भरला होता. तिने हात पुसले.

"म्हणजे तू सही केली असतीस तर घर राहिलं असतं."

"राहिलं असतं."

"आणि तू मला सांगितलंस, दुसरं कोणी नव्हतं."

"हो, तेता."

तिने पत्र्यावरचा एक गोळा सरळ केला. "ते पेन तू मला दिलंस ना," ती म्हणाली, "मला वाटलं तू मला मान दिलास. दुसऱ्याच्या घरची भांडी घासणाऱ्या बाईची सही कोण मागतं? घर गेलं त्याचं वाईट वाटलंच. पण मी मनाशी म्हणायची, त्या दिवशी डॉक्टरच्या खाली माझं नाव होतं. अडतीस वर्षं मी त्या पेनाची गोष्ट सांगतेय गावाला."

घराचं दुःख लुमिरने इतकी वर्षं वागवलं होतं. या दुसऱ्या गोष्टीची त्याला कल्पनाच नव्हती. त्याने खुर्ची ओढली आणि बसला, आणि तोंड हातांत घेऊन रडला. मार्लिसने कॉफीचं भांडं उतरवलं. आल्बिनाने त्याला रडू दिलं. उगी राहा म्हणाली नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही.

"कोलाचे तरी आवडायचे का?" तिने विचारलं.

"एकही खाल्ला नाही, तेता. खाववत नव्हता. ऑफिसातले लोक खायचे."

"बरे होते म्हणायचे?"

"फार चांगले म्हणायचे."

"मग वाया नाही गेले," ती म्हणाली आणि पत्रा भट्टीत सरकवला. मग स्टुलावरून उतरून, टेबलाला धरत धरत, ती खण उघडून कागद आणि शाईचं पेन घेऊन आली. "तू येशील तेव्हा तुझ्याकडूनच करून घ्यायचं, म्हणून मी मृत्युपत्र करायचं ठेवून दिलंय कधीचं. लिही."

लुमिर चपापला. आता माझ्याकडून कशाला, दुसरा कुणी पाहू, असं काहीतरी तो पुटपुटला. आल्बिना म्हणाली, पुस्तक तूच लिहिलंयस ना त्यावर? लिही. तो लिहू लागला. घर मार्लिसला. बिछान्यावरची रजई मुलाला. चर्चच्या स्वयंपाकघराला मोठी कढई. प्रत्येक ओळ ती सांगायची आणि तो कायद्याच्या भाषेत उतरवायचा, आणि ती पुन्हा वाचायला लावायची.

"आणि कोलाच्यांचा पत्रा," ती म्हणाली, "लुमिर सेडलाचेकला."

त्याने मान वर केली. भट्टीत होता तोच पत्रा. काळा पडलेला, एका कोपऱ्यात पोचा आलेला. वेन्सिलच्या घरातून तिने आणलेली ती एकच वस्तू होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने ओळ लिहिली आणि ती वाचून दाखवताना त्याचा आवाज फुटला. अडतीस वर्षांत त्याला मिळालेल्या कुठल्याही मानपत्राने त्याला इतकं हलवलं नव्हतं. मनातून त्याला वाटलं, ही बाई आपल्याला क्षमा करते आहे.

आल्बिनाने सही केली. तेच वळणदार अक्षर, जरा कापरं. मग मार्लिसला पाठवून शेजारच्या ज़्डेंका रेझाबेकबाईला बोलावलं. ती पिठाच्या हातांनीच आली, पुसून सही केली आणि काय चाललंय याचा अंदाज घेत दाराशी उभी राहिली. आता दुसरा साक्षीदार हवा होता. खिडकीतून रेझाबेकबाईचा नवरा दिसत होता. अंगणातली पानं गोळा करता करता पाइप ओढत उभा होता, हाकेच्या अंतरावर, निवांत.

"मिस्टर रेझाबेकना बोलावतो," लुमिर म्हणाला आणि उठू लागला.

"कशाला? त्याचं काम चाललंय." आल्बिनाने पेन उचलून त्याच्यापुढे धरलं. "तू कर सही."

"मी?"

"खोलीत आहेस ना तू? माणसं मोज की."

मार्लिस भिंतीला टेकून उभी होती. तिने एकदम आजीकडे पाहिलं. लुमिरला कळायला एक क्षण लागला. मग तो हळूच म्हणाला, "तेता, मी साक्षीदार झालो तर तो पत्रा मला मिळणार नाही."

"असं होय?"

"दोनच साक्षीदार असले तर नाही मिळत."

"अरेरे," आल्बिना म्हणाली. तिचे डोळे त्याच्यावरून हलले नाहीत. "काय करणार मग. कायदाच तसा आहे. आणि दुसरं कोणी नाहीच ना."

बाहेर रेझाबेकने पाइप झाडला आणि पुन्हा पेटवला. लुमिरने खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं, मग भट्टीकडे, जिच्या दारामागे तो पत्रा तापत होता आणि खसखशीचा वास सुटला होता. पत्रा त्याला हवा होता. मुलींनी, पुस्तकांनी, वॉशिंग्टनच्या त्या तीन दिवसांनी दिलेलं काहीही त्या क्षणी त्याला इतकं हवंसं वाटलं नव्हतं. त्याने पेन घेतलं आणि रेझाबेकबाईच्या नावाखाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.

आल्बिनाने कागद उचलला, चष्मा नाकावर सरकवला आणि त्याची सही अक्षर अक्षर वाचली. मग कागदावर फुंकर घालून शाई वाळवली.

"एवढंच होतं होय रे?" ती म्हणाली.